हुसेनसागरावरची शिडं आणि कोरड्या मुलखातली माणसं

आपल्या मंडळाच्या एका बैठकीत हैदराबादेतल्या जुन्या मराठी वस्त्यांवर बोलणं चाललं होतं. काचीगुडा, बडी चावडी, सुलतान बाजार झालं. विवेक वर्धिनी, मराठी ग्रंथ संग्रहालय झालं. हुसेनसागराचं नाव निघालं ते फक्त गणेश विसर्जनापुरतं. मी म्हटलं, या तलावाशी माझं आणखी एक नातं आहे, शिडाच्या होड्यांच्या शर्यतींचं. त्यावर एक ज्येष्ठ सभासद हसत म्हणाले, "अहो, तुम्ही परभणीकडचे. तुमचा अन् शिडाचा काय संबंध?" त्यांना तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून हे टिपण.

प्रश्न खोटा नव्हता. आमचे आजोबा निजामाच्या महसूल खात्यात कारकून म्हणून हैदराबादेत आले. त्यांच्या मुलखात पाणी म्हणजे आड, बारव आणि पावसाळ्यापुरती नदी. घरात कुणाला पोहता येत नव्हतं. वडील संध्याकाळी आम्हाला टँकबंडावर फिरायला न्यायचे. पावसाळ्यात तलावावर पांढरी-निळी शिडं दिसायची. मी विचारलं, की त्यांचं ठरलेलं उत्तर, "ते मिलिटरीवाल्यांचं आहे. आपलं नाही."

तसं ते अगदी चूकही नव्हतं. हुसेनसागर १५६२ च्या सुमारास इब्राहीम कुली कुतुबशहाच्या काळात हुसेनशाह वलींच्या देखरेखीखाली बांधला गेला, तो पाण्यासाठी. मुशीच्या एका उपनदीवर घातलेला हा बांध. १९०८ च्या महापुरानंतर उस्मानसागर आणि हिमायतसागर झाले, तोवर शहराची तहान या तलावावर अवलंबून होती. दुसऱ्या काठाला १८०६ मध्ये सिकंदर जाहच्या नावानं सिकंदराबाद वसलं ते इंग्रजांची छावणी म्हणून. शिडांचा नाद आपल्याकडे आला तो बहुतेक ठिकाणी गोऱ्या साहेबांबरोबर. स्वातंत्र्यानंतर सिकंदराबादेत तो सांभाळला मुख्यतः लष्करानं. ईएमई या लष्करी तांत्रिक दलाची सेलिंग संस्था याच तलावावर आहे, आणि पावसाळ्यात इथं होणाऱ्या लेझर होड्यांच्या शर्यतींना देशभरातून खेळाडू येतात.

पावसाळाच का? कारण वारा. जूनपासून पश्चिमेचा वारा नेकलेस रोडच्या बाजूनं येतो आणि बंडाकडे वाहतो. समुद्रासारखा तो एकसारखा नसतो. काठावरच्या इमारतींवर आपटून तो वळतो, मध्येच पडतो, अचानक झोत येतो. इथं शिकलेला माणूस वाऱ्याचा हा लहरीपणा ओळखायला शिकतो.

मी क्लबात गेलो १९९३ च्या पावसाळ्यात, वयाच्या चौतिसाव्या वर्षी. त्याच्या आधीच्या घटनेनं आमच्या घरात तलावाची धास्ती वाढली होती. मार्च १९९० मध्ये बुद्धाचा एकसंध दगडी पुतळा बेटावर नेताना तराफा उलटला, पुतळा तळाशी गेला आणि माणसं दगावली. पुतळा वर काढून बसवायला १९९२ चा डिसेंबर उजाडला. त्यानंतर सहाच महिन्यांनी मी घरी सांगितलं की मी होडी शिकणार. आई दोन दिवस बोलली नाही.

तिथं मला होडी मिळाली नाही, आधी काम मिळालं. ट्रॉलीवरच्या होड्या पाण्यापर्यंत ढकलायच्या, दोर गुंडाळायचे, ओली शिडं वाळत घालायची. तीन रविवार असे गेले. नवख्यांनी आत शिरायची हीच वाट आहे, हे मला नंतर कळलं. चौथ्या रविवारी एकाचा जोडीदार आला नाही, आणि मला एंटरप्राइज होडीत बसवलं. ही दोन माणसांची, साधारण चार मीटरची, निळ्या शिडांची होडी. मागचा सुकाणू आणि मोठं शीड सांभाळतो. पुढच्यानं छोटं शीड ओढायचं, आणि झोत आला की कडेवर बसून पाठ पाण्याकडे झोकायची. मी झोत आल्यावर आत सरकलो. होडी उलटली.

पाण्याची चव आजही आठवते. तोवर कुकटपल्ली नाल्यातून कारखान्यांचं आणि गटाराचं पाणी तलावात येतच होतं. जाकिटानं मला वर आणलं. काठावरचा म्हातारा होडी-मिस्त्री ओरडला, "पानी से डरना नक्को साब, हवा को देखो!" पुढची कित्येक वर्षं मी हेच शिकत होतो.

शर्यतीचे नियम बाहेरून अवघड वाटतात, पण सुरुवात सोपी आहे. पंचांची होडी आणि एक बोया यांच्यामधली रेघ म्हणजे सुरुवातीची रेघ. आता पाच मिनिटं आधी एक झेंडा चढतो, चार मिनिटं आधी दुसरा. एक मिनिट उरलं की दुसरा उतरतो, आणि मग सुटायचं. होड्या उभ्या राहू शकत नाहीत, म्हणून सगळे रेघेमागे घिरट्या घालत असतात. पहिला बोया वाऱ्याच्या दिशेला असतो. तिकडे सरळ जाता येत नाही, नागमोडी जावं लागतं. दोघं समोरासमोर आले, तर ज्याच्या उजव्या अंगानं वारा येतो त्याला वाट द्यायची. पहिल्या मोसमात आमची होडी बहुतेक शर्यतींत शेवटून दुसरी किंवा शेवटची आली. शेवटच्या शर्यतीत मात्र आमच्या मागं तीन होड्या होत्या. त्या दिवशी वडील बंडावर उभे होते. घरी आल्यावर म्हणाले, "ते निळं शीड तुझं होतं ना? बाकीचे तिकडं गेले, तू इकडं का वळलास?" म्हणजे त्यांनी शर्यत पूर्ण पाहिली होती!

आता इतिहासाचा मुद्दा. त्या मिस्त्रीनं या तलावावर चाळीसेक वर्षं होड्या दुरुस्त केल्या. लाकडी होड्या जाऊन फायबरच्या कशा आल्या, कोणत्या साली पाणी इतकं आटलं की शर्यती झाल्याच नाहीत, हे त्याला तोंडपाठ होतं. मी दर रविवारी ऐकायचो आणि म्हणायचो, एकदा वही घेऊन बसू. वही कधी घेतली नाही. तो गेला. पुढं एका क्लबात रंगरंगोटी निघाली तेव्हा शर्यतींच्या निकालांच्या जुन्या वह्या रद्दीत गेल्या. मला कळलं ते महिन्याभरानं. आम्ही निजामाच्या फर्मानांच्या नकला जपतो, पण आपल्या डोळ्यांदेखत घडलेलं असं निसटतं. यात माझाही दोष आहे.

"आपलं नाही" हे वाक्यही आता बदललंय. २००९ मध्ये सुरू झालेल्या हैदराबाद यॉट क्लबात गरीब घरांतली मुलं-मुली लहान ऑप्टिमिस्ट होड्यांवर शिकतात, आणि त्यांतली काही देशासाठी खेळली आहेत. मी साठीनंतर शर्यती सोडल्या. हल्ली पंचांच्या होडीत बसून निकाल लिहितो, दोन प्रतींत. एक प्रत घरी आणतो.

मंडळाला विनंती एवढीच: जुलैत एका रविवारी बंडावर या, वही घेऊन या. काठावर अजून दोन-तीन जुनी माणसं आहेत. माझी ओळख आहे, गाठ घालून देतो.