प्रादेशिक सेनेचा कायम वर्ग

१३ सप्टेंबर १९४८ रोजीं जनरल जयंतनाथ चौधरी यांची फौज सोलापुराहून नळदुर्गाच्या वाटेनें हैदराबादेवर निघाली. १८ तारखेस तेथील सेनापति एल् इद्रूस शरण आले. अशी फौज आघाडीवर गेली असतां मागील रेल्वे, पूल व कोठारें कोणीं राखावीं? प्रादेशिक सेनेचा एक हेतु हें काम उचलण्याचा होता. तिचा कायदा या चढाईपूर्वीं तीनच दिवस, १० सप्टेंबरला झाला.

परंतु नागरिक-सैनिक आपला धंदा सांभाळून वर्षांतून कांहीं आठवडेच कवाईत करणार. मग उरलेल्या काळांत पलटणीचें दप्तर व हत्यारें कोणाच्या हवालीं? सर्वांनाच बारमाही पगार द्यावा, तर ती दुसरी खडी फौजच होते. कोणालाच न द्यावा, तर शिक्षण खुंटतें. शिवकालीं स्वतःच्या घोड्यानिशीं येणाऱ्या शिलेदारांच्या जोडीला सरकारी पागेचे बारगीर असत, तें याच विवेकानें.

येथेंही मधला मार्ग निघाला. खड्या फौजेंतील थोडे अधिकारी व शिक्षक प्रत्येक पलटणीस कायम नेमण्यांत आले. ९ ऑक्टोबर १९४९ रोजीं राजगोपालाचारींच्या हस्तें सेनेचें उद्घाटन झालें. हा अल्प वर्ग नसता, तर बोलावणें आल्या दिवशीं पलटण हजेरीपटावरच राहिली असती.