रुमाल आणि प्रोजेक्ट

पेशवाईंत दफ्तराचे कागद सुटे राहात नसत. एका प्रकारचे कागद एकत्र करून चौकोनी फडक्यांत बांधीत व त्या गठ्ठ्यास रुमाल म्हणत. पुण्याच्या पेशवे दफ्तरांत मराठी व इंग्रजी मिळून असे सुमारें 35,000 रुमाल आहेत. मराठवाड्यास ही शिस्त परकी वाटूं नये. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि हा तेराव्या शतकांत 'श्रीकरणाधिप', म्हणजे राज्याच्या लेखनखात्याचा मुख्य अधिकारी होता.

परंतु रुमाल बांधणाऱ्याची सोय निराळी व सोडणाऱ्याची निराळी. दफ्तरच्या कारकुनांस हिशेब हवा होता, म्हणून त्यांनीं रोजकीर्द, घडणी, प्रांत-अजमास अशा खात्यांनीं कागद लाविले. पुढें गोविंद सखाराम सरदेसाई यांस घटना हव्या होत्या, आणि एकाच मोहिमेचे कागद ठिकठिकाणीं विखुरलेले! ते वेंचून विषयवार लाविले, तेव्हां कोठें 1930 ते 1934 या काळांत 45 भाग छापून निघाले.

हाच प्रश्न हल्लीं संगणकाची आज्ञावली लिहिणाऱ्यांपुढें आला आहे. त्यांच्या मदतीस कृत्रिम बुद्धिमत्तेचे सहायक निघाले आहेत. पण नव्या संभाषणांत त्यांना मागचें सारें आठवतेंच असें नाहीं. यासाठीं 2024 च्या जूनमध्यें अँथ्रॉपिकनें 'क्लॉड'मध्यें व डिसेंबरांत ओपनएआयनें 'चॅटजीपीटी'मध्यें 'प्रोजेक्ट' ही सोय आणली. एका कामाच्या फायली, सूचना व संभाषणें एका नांवाखालीं राहतात; त्या नांवाखालीं नवें संभाषण उघडलें कीं त्या सूचना व फायली सहायकाच्या हाताशीं असतात. रुमालच तो, फक्त फडकें नाहीं.

लातूरच्या एखाद्या होतकरू तरुणानें आडतीच्या दुकानाचा हिशेब व एका शाळेच्या फीच्या पावत्या अशीं दोन कामें घेतलीं असें समजा. दोहोंचे कागद एकाच प्रोजेक्टांत टाकले, तर तुरीच्या वजनासाठीं सांगितलेला अपूर्णांक सोडण्याचा नियम फीच्या आकड्यांस लागावयास वेळ नाहीं; आणि चूक कळावयाची ती पावती पालकांच्या हातीं पडल्यावर! उलट नांदेडच्या दुसऱ्या कोणी दर दिवसाचें नवें प्रोजेक्ट काढलें, तर ती रोजकीर्दच झाली. चार महिन्यांनीं दुकानदारानें वजनाचा नियम कां बदलला असें विचारलें, म्हणजे त्याला सरदेसायांप्रमाणें एकेक रुमाल सोडीत बसावें लागेल.