ओट्यावरचं डिफेनबॅकिया विषारी, पण मेसेजात म्हणतात तेवढं नाही

रुंद हिरवी पानं, त्यावर पांढरट-पिवळे शिंतोडे. नर्सरीतून आणलेलं डिफेनबॅकिया आता गावातही बऱ्याच ओट्यांवर कुंडीत दिसतं. ‘याचं पान खाल्लं की लेकरू मिनिटात दगावतं’ असा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून फिरतो. तो खोटा आहे. म्हणून झाड निरुपद्रवी आहे असंही नाही.

हे झाड मूळचं दक्षिण अमेरिका आणि वेस्ट इंडिज बेटांकडचं. तिथल्या ओलसर जंगलात मोठ्या झाडांच्या सावलीत वाढतं, त्यामुळे घरातल्या कमी उजेडातही तगतं. व्हिएन्नाच्या राजवाड्यातल्या बागेचे प्रमुख माळी योसेफ डिफेनबाख यांच्यावरून त्याला नाव मिळालं. कुळ मात्र आपल्या ओळखीचं, अळू आणि सुरणाचंच. फूलही अळूच्या फुलासारखं, पण कुंडीत क्वचितच येतं.

अळू कच्चं राहिलं की घसा खाजतो, ते कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या बारीक स्फटिकांमुळे. डिफेनबॅकियाच्या पानात, देठात, खोडात तेच असतात. चावलं की या सुया जिभेत, गालात घुसतात. तोंडाची आग होते, लाळ गळते, सूज येते. कधी जीभ इतकी सुजते की बोलताच येत नाही. म्हणून इंग्रजीत याला ‘डंब केन’, म्हणजे मुका करणारा ऊस म्हणतात. वेस्ट इंडिजमध्ये गुलामांना शिक्षा म्हणून हे चावायला लावत. अळू आपण चिंच घालून शिजवतो, हे मात्र शिजवूनही खायचं नसतं.

लेकराने पान चावलंच तर तोंडातले तुकडे बोटाने काढावेत, तोंड पाण्याने पुसून घ्यावं. गिळता येत असेल तर गार पाणी किंवा दूध घोट-घोट द्यावं. उलटी करवू नये. बहुतेकांना काही तासांत ते दोन-चार दिवसांत आराम पडतो. खरा धोका सूज घशात उतरली तर. आवाज बसला, गिळता येईना, श्वासाला त्रास व्हायला लागला, तर घरगुती उपाय सोडून 108 ला फोन करावा. चीक डोळ्यात गेला तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने डोळा धुवावा आणि डॉक्टरला दाखवावं.

झाड उपटून फेकायची गरज नाही. घरात रांगतं मूल असेल तर मात्र दुसऱ्याला देऊन टाकलेलं बरं. छाटणी हातमोजे घालूनच करावी. छाटलेली पानं उकिरड्यावर टाकू नयेत, शेळ्या-वासरांनाही तोच त्रास होतो. खड्डा करून पुरावीत.