तिखटाची चिमूट आणि प्रथिनांचा हिशेब

ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि हाताने फोडलेला कांदा एवढ्या शिदोरीवर दिवसभराचे काम उरकणारा शेतमजूर मराठी मुलुखास अनोळखी नाही. त्याच्या ताटातील भाकरीचे मोल सर्वांस कळते. परंतु त्या ठेच्याचे मोल काय? तो केवळ जिभेचा चोचला आहे, की शरीरास त्यापासून काही मिळते? प्रश्न घरगुती वाटला, तरी त्याचे उत्तर शोधताना साऱ्या देशाच्या अन्नाचा इतिहास चाळावा लागतो.

मिरची मूळची भारतातील नव्हे. मेक्सिको व त्याच्या आसपासच्या प्रदेशात हजारो वर्षांपासून तिची लागवड होत आली. सोळाव्या शतकात मेक्सिकोत राहून तेथील लोकजीवनाची बारकाईने नोंद करणारे फ्रान्सिस्कन धर्मगुरू बेर्नार्दिनो द साआगुन यांच्या लेखनावरून असे दिसते की, तेथील लोकांच्या उपवासात मीठ आणि मिरची वर्ज्य असे. अन्नाची रुची सोडणे हाच तेथे उपवास होता. यावरून मिरचीचे त्यांच्या जेवणातील स्थान ध्यानात येते.

कोलंबसाच्या 1492 च्या सफरीनंतर ही वनस्पती युरोपात पोहोचली. 1510 साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला आणि त्यांच्या जहाजांबरोबर त्याच शतकात ती भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आली. तोपर्यंत येथील तिखट म्हणजे मिरी. नव्या फळाला मिरीवरूनच नाव मिळाले. मराठीत ते मिरची झाले, कोकणीत मिरसांग. मिरीचा वेल ओलसर मलबारचा आणि तिची किंमत व्यापाऱ्याच्या हाती. मिरचीचे झाड मात्र परसातही येते. त्यामुळे जे तिखट धनिकांच्या मुदपाकखान्यात होते, ते गरिबाच्या पाट्यावर आले. बेळगाव जिल्ह्यातील संकेश्वरी आणि हावेरीकडील ब्याडगी या मिरच्यांची नावे आज अनेक मराठी घरांत सहज घेतली जातात, ती याच प्रवासाची फलश्रुती होय.

अन्नाचे वजन आणि गुण मोजण्याचे शास्त्र पुष्कळ नंतर आले. 1918 साली निलगिरीतील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी आहारविषयक संशोधनास आरंभ केला. तेथील संशोधनाचे पुढील संचालक वॉलेस एक्रॉइड यांनी 1937 साली भारतीय खाद्यपदार्थांतील पोषक द्रव्यांचे कोष्टक प्रसिद्ध केले. हीच संस्था 1958 साली हैदराबादेस आली आणि आज ती राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. या संस्थेच्या जुन्या कोष्टकांत वाळलेल्या मिरचीच्या 100 ग्रॅममध्ये 15.9 ग्रॅम प्रथिन दिले आहे, जिऱ्यात 18.7, धन्यात 14.1, मेथीदाण्यात 26.2. तूरडाळीत ते 22.3 आणि ज्वारीत 10.4 आहे. म्हणजे वजनास वजन धरले तर वाळलेली मिरची ज्वारीहून सरस ठरते! अर्थात, हा आकडा पदार्थातील नायट्रोजन मोजून त्याला 6.25 ने गुणून काढलेला असतो, आणि मिरचीतील सर्वच नायट्रोजन प्रथिनांतला नसतो. पण ही सूट दिली तरी खरी गोम वेगळीच आहे. ज्वारी माणूस पावशेर खातो. मिरची खातो चिमूटभर.

ही चिमूट राष्ट्राच्या पातळीवर मोजण्याची सोय दुसऱ्या महायुद्धानंतर झाली. संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना 1945 साली स्थापन झाली. तिच्या पोषण विभागाचे पहिले संचालक कुन्नूरचेच एक्रॉइड होते. 1949 पासून या संघटनेने देशोदेशीचे अन्न-ताळेबंद प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. पद्धत दुकानदाराच्या वहीसारखीच: उत्पादनात आयात मिळवावयाची, निर्यात, बियाणे व नासाडी वजा करावयाची, उरलेल्यास लोकसंख्येने आणि वर्षाच्या दिवसांनी भागावयाचे. या वहीत गहू-तांदळाबरोबर मिरी, मिरची, लवंग यांचीही स्वतंत्र खाती आहेत आणि प्रत्येकापुढे दरडोई प्रथिनांचा रकाना आहे.

भारताच्या मिरचीचे हे खाते उघडून पाहिले तर एक विलक्षण गोष्ट दिसते. 1950-51 साली देशात सुमारे साडेतीन लाख टन वाळलेली मिरची पिकली, तेव्हा लोकसंख्या 36 कोटींच्या घरात होती. 2010-11 साली पीक सुमारे सव्वाबारा लाख टनांवर गेले. लोकसंख्या 121 कोटी झाली. पीक साडेतीन पटींनी वाढले, खाणारी तोंडेही जवळजवळ तितकीच वाढली. भागाकार केला तर पहिल्या वेळी माणशी दररोज सुमारे 2.7 ग्रॅम आणि दुसऱ्या वेळी सुमारे 2.8 ग्रॅम मिरची येते. प्रथिन दोन्ही वेळा साधारण 0.4 ग्रॅम. 2010-11 मध्ये दोन लाख टनांहून अधिक मिरची परदेशी गेली, ती वजा केली तर देशवासीयांच्या वाट्यास याहूनही थोडे कमी राहते. साठ वर्षांत राज्ये बदलली, बियाणे बदलले. पण मिरचीची चिमूट होती तेवढीच राहिली.

आता शेजारचे पान उलटावे. ते डाळींचे आहे. सरकारी आकड्यांनुसार 1951 साली माणशी दररोज 60.7 ग्रॅम कडधान्ये व डाळी उपलब्ध होत्या. 2001 साली त्या 30 ग्रॅमवर आल्या. 2011 साली 43 ग्रॅम झाल्या. 1951 ते 2001 या पन्नास वर्षांत डाळीच्या रूपाने मिळणारे सुमारे साडेसहा ग्रॅम प्रथिन रोजच्या सरासरी ताटातून नाहीसे झाले. मिरचीच्या साऱ्या प्रथिनाची ही पंधरा पट होय. कारण उघड आहे. 1966 नंतरच्या हरितक्रांतीत पाणी, खत आणि खात्रीची सरकारी खरेदी गहू व भातास मिळाली. डाळी कोरडवाहू जमिनीत राहिल्या. 1950-51 साली सुमारे 84 लाख टन असलेले त्यांचे पीक 2000-01 साली जेमतेम 110 लाख टन झाले.

धान्य वाढले, म्हणून उपासमार पुष्कळ टळली, हे मान्य केलेच पाहिजे. सातारा जिल्ह्यातील बुध गावी 1911 साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी 1951 ते 1970 या काळात अन्न व शेती संघटनेच्या संख्याशास्त्राची धुरा वाहिली. त्यांचे प्रतिपादन असे की, ज्यांना प्रथिन कमी पडते त्यांपैकी बहुतेकांना मुळात पोटभर अन्नच मिळत नसते. धान्य व डाळीचा नेहमीचा आहार पुरेसा मिळाला तर प्रथिनाची चिंता बरीचशी दूर होते. या म्हणण्यात भाकरीइतकाच डाळीचाही समावेश आहे, हे मात्र विसरता येत नाही. धान्याच्या प्रथिनात लायसिन हा घटक कमी असतो. तो डाळ भरून काढते. शिवाय सरासरीचा आकडा कोणाच्याही ताटात वाढला जात नाही. सुखवस्तू घरातील वरण आणि मजुराच्या घरातील कोरडी भाकरी यांची बेरीज करूनच तो निघतो.

2020 च्या भारतीय शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसास वजनाच्या दर किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिन हवे. 65 किलो वजनाच्या पुरुषास सुमारे 54 ग्रॅम. मिरचीचा वाटा त्यात शंभरात एकही नाही. तरीही ती निरुपयोगी नव्हे. कोरडी भाकरी घशाखाली उतरविण्याचे काम तिने शतकानुशतके केले आहे. धान्यातील प्रथिन पोटात जाते, त्याचे काही श्रेय तिलाही आहे. पण डाळ महागली की तिची जागा ठेचा घेतो. जिभेला ती जागा भरल्यासारखी वाटते, शरीराला नाही. मोठ्या माणसाचे त्यावर काही दिवस निभावते. त्याच घरातील तीन वर्षांच्या मुलाला मात्र तिखट सोसत नाही. त्याच्या वाट्यास नुसती भाकरी येते, आणि अन्नाच्या वहीतील उणे खाते त्याच्याच नावावर चढते.