लिव्हियाची अंजिरं

आज आधी एक कबुली देते आणि मग विषयाकडे वळते. रोमच्या सम्राटांवरच्या भागात मी म्हणाले होते, की ऑगस्टसला त्याच्या बायकोनं, लिव्हियानं, अंजिरांतून विष घालून मारलं. अगदी सूर्य पूर्वेला उगवतो म्हणावं तशा खात्रीनं म्हणाले. त्यावर कोईमतूरहून एका श्रोत्यांनी विचारलं, "ताई, याला आधार काय?" उत्तर द्यायला पुस्तकं काढून बसले आणि लक्षात आलं, की ही खात्री मला पुस्तकांनी दिलेलीच नव्हती. ती मी पाहिली होती.

कुठे, तर 'आय, क्लॉडियस'मध्ये. बीबीसीची ही मालिका १९७६ सालची. रॉबर्ट ग्रेव्ह्जच्या दोन कादंबऱ्यांवरून जॅक पुलमननं लिहिलेली आणि हर्बर्ट वाइजनं दिग्दर्शित केलेली. मला ती एका मैत्रिणीकडच्या डीव्हीडींवर पहिल्यांदा भेटली. सुरुवातीला मोझेकच्या फरशीवरून सरपटणारा साप दिसतो, आणि मग म्हातारा क्लॉडियस आपल्या घराण्याची गुपितं लिहायला बसतो. सगळं चित्रण स्टुडिओतलं. संगमरवर खोटा आहे हे लपत नाही. सैन्याच्या लढाया नाहीत. खेळांचा आखाडा जवळजवळ दिसतच नाही. गर्दीचा गोंगाट ऐकू येतो आणि आपण राजघराण्यातल्या माणसांचे चेहरे बघत राहतो. पण ते चेहरे! डेरेक जॅकोबीचा अडखळत बोलणारा, मान झटकणारा क्लॉडियस. जॉन हर्टचा कॅलिगुला. आणि शान फिलिप्सची लिव्हिया, जी कुणावरही आवाज न चढवता एकेक वारस वाटेतून दूर करते.

ऑगस्टसच्या मृत्यूचा प्रसंग तर मी किती वेळा पाहिला असेल, मोजलेलं नाही. कॅमेरा ब्रायन ब्लेसिडच्या चेहऱ्यावरून बराच वेळ हलत नाही. लिव्हियाचा फक्त आवाज येतो. बोलता बोलता आपल्याला कळतं, की समोरचा माणूस आता ऐकत नाहीये. हे पाहिल्यावर पुरावा मागायचं कुणाला सुचेल?

आता पुरावा बघू. ऑगस्टस इसवी सन १४ मध्ये नोला इथे वारला, ७५ वर्षांचा होऊन. झाडावरच्या अंजिरांना विष लावलं ही कथा कॅशियस डिओ सांगतो. तो लिहितो ऑगस्टसनंतर दोनशे वर्षांनी, आणि तोही 'असा संशय होता' या सुरात. यामुळे असो वा दुसऱ्या कशानं, सम्राट आजारी पडला, असं म्हणून पुढे जातो. टॅसिटस त्याच्या आधीचा. तो एवढंच म्हणतो, की काहींना बायकोचा संशय आला. आणि स्यूटोनियस? सम्राटांच्या शयनगृहातली कुजबुज हौसेनं नोंदवणारा हा माणूस. त्याच्याकडे अंजिरंच नाहीत! त्याच्या मते आजार सुरू झाला जुलाबांनी, आणि ऑगस्टसनं प्राण सोडला तो लिव्हियाच्या मिठीत, आपला संसार विसरू नकोस असं तिला सांगून. तो संसार पन्नास वर्षांहून जास्त झाला होता. चघळायला मिळालेली गोष्ट स्यूटोनियससारखा लेखक सोडून देतो, तेव्हा ती त्याच्या कानावर आली नसावी किंवा त्यालाही पटली नसावी, असं मला वाटतं.

बाकीच्या मृत्यूंचंही तसंच. मालिकेत पहिला बळी मार्सेलस, ऑगस्टसचा भाचा आणि जावई. तो वारला इसवी सन पूर्व २३ मध्ये. लिव्हियावरचा आळ डिओच सांगतो, आणि त्या वर्षी व पुढच्या वर्षी रोममध्ये रोगराईनं खूप माणसं गेली हेही तोच सांगतो. खुद्द ऑगस्टस त्याच वर्षी मरता मरता वाचला होता. नातू गायस आर्मेनियातल्या लढाईत जखमी झाला आणि परतीच्या वाटेवर, रोमपासून शेकडो कोस दूर, वारला. पण वारस एकामागून एक गेले आणि शेवटी गादी मिळाली लिव्हियाच्या मुलाला, टायबेरियसला. म्हणजे करणारी तीच, सावत्र आई! 'ध चा मा' ऐकत वाढलेल्या आपल्याला असा हिशेब पटायला वेळ लागत नाही.

खरी लिव्हिया कुठे दिसते? मला ती स्यूटोनियसनं उतरवून घेतलेल्या पत्रांत दिसते. ऑगस्टसनं बायकोला लिहिलेली ही पत्रं आहेत आणि विषय आहे क्लॉडियस, त्यांचा अवघडलेला नातू. याला लोकांसमोर बसवायचं की नाही? लोक हसतील का? एका पत्रात आजोबा थक्क झालेत, की एरवी धड बोलू न शकणारा हा पोरगा भाषण इतकं छान कसं करतो. घरोघरी होते तशीच ही काळजी. लिव्हिया प्रेमळ आजी होती असं मात्र मी म्हणणार नाही. ती क्लॉडियसला तुच्छ लेखायची, हेही स्यूटोनियसच सांगतो. तरीही टायबेरियसनं आईला नाकारलेलं देवत्व तिला दिलं ते याच नातवानं, सम्राट झाल्यावर, इसवी सन ४२ मध्ये. त्यात राजकारण होतंच. देवतेचा नातू असणं सोयीचं असतं.

ग्रेव्ह्जवर माझा राग नाही. त्यानं कादंबरी लिहिली होती. इतिहास सांगते असं मी म्हणाले होते, म्हणून चूक माझी. तो जुना भाग मी काढून टाकलेला नाही. त्याखाली दुरुस्ती लिहिली आहे.

कोईमतूरच्या त्या श्रोत्यांना हे सगळं कळवलं आणि एक गोष्ट जोडली. त्यांच्याच परिसरात ऑगस्टस आणि टायबेरियसची चांदीची नाणी मोठ्या संख्येनं सापडली आहेत. मिऱ्यांच्या आणि रत्नांच्या व्यापारातून आलेली. टायबेरियसच्या नाण्यावर मागच्या बाजूला एक स्त्री बसलेली असते, एका हातात राजदंड, दुसऱ्यात डहाळी. ती लिव्हियाच, असं बरेच अभ्यासक मानतात. चेन्नईच्या सरकारी संग्रहालयात रोमन नाण्यांचा मोठा संग्रह आहे. तिकडे जाणं झालं तर नाण्याची ती बाजू बघून या, असं त्यांना लिहिलंय. मीही डिसेंबरात जाणार आहे. तोवर मालिका पुन्हा एकदा बघून होईलच.