एकात्मिक बी.एड.-एम.एड. अभ्यासक्रम

एकात्मिक बी.एड.-एम.एड. हा शिक्षणशास्त्रातील तीन वर्षांचा पूर्णवेळ व्यावसायिक अभ्यासक्रम आहे. शाळेत शिकवण्यासाठी लागणारी बी.एड. ही व्यावसायिक अर्हता आणि एम.एड. ही शिक्षणशास्त्रातील पदव्युत्तर पदवी यांचे शिक्षण त्यात सलग दिले जाते. या दोन पदव्या स्वतंत्रपणे घेतल्यास प्रत्येकी दोन, अशी चार वर्षे लागतात. अभ्यासक्रमाची मानके राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद (एनसीटीई) ठरवते. महाराष्ट्रात त्याची प्रवेश परीक्षा राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष घेतो.

पार्श्वभूमी

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेला १९९३ च्या कायद्याने वैधानिक दर्जा मिळाला आणि १७ ऑगस्ट १९९५ पासून तिचे काम सुरू झाले. त्या काळात बी.एड. व एम.एड. हे सर्वसाधारणपणे एकेक वर्षाचे अभ्यासक्रम होते. महाराष्ट्रातील डी.एड. विद्यालयांच्या मान्यतेच्या वादातून सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आयोगाचा अहवाल २०१२ मध्ये सादर झाला. त्यानंतर परिषदेने २०१४ च्या विनियमांद्वारे बी.एड. व एम.एड. यांचा कालावधी प्रत्येकी दोन वर्षे केला आणि तीन वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाची मानके निश्चित केली.

प्रवेश आणि रचना

बी.एड.साठी पदवी पुरेशी असते, मात्र एकात्मिक अभ्यासक्रमासाठी विज्ञान, सामाजिक शास्त्रे किंवा मानव्यविद्या यांतील पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्के गुणांसह आवश्यक असते. राखीव प्रवर्गांना नियमानुसार सवलत मिळते. परिषदेच्या मानकांनुसार अभ्यासक्रम मध्येच सोडून केवळ बी.एड. पदवी घेण्याची मुभा नाही. प्रवेशापासून कमाल चार वर्षांत तो पूर्ण करावा लागतो.

अध्यापनशास्त्र, बालकाचा विकास, शालेय विषयांच्या अध्यापन पद्धती, शाळेतील छात्रसेवाकाल, संशोधन पद्धती आणि लघुप्रबंध हे अभ्यासक्रमाचे मुख्य भाग आहेत. एम.एड.चा उद्देश अध्यापक विद्यालयांतील प्राध्यापक, अभ्यासक्रम रचनाकार, शैक्षणिक प्रशासक व संशोधक घडवणे हा आहे. वर्गात शिकवण्यासाठी एम.एड. अनिवार्य नाही.

पदवी आणि शिक्षक पात्रता

काही देशांत पदवीसोबत शिक्षकाला स्वतंत्र परवाना दिला जातो. भारतात असा परवाना नाही. व्यावसायिक पदवी किंवा पदविका आणि इयत्ता पहिली ते आठवीसाठी शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) या दोन अटी मिळून पात्रता ठरते. त्यामुळे बी.एड.-एम.एड. पूर्ण केलेल्या उमेदवारालाही सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी ही परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते.

महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेने पहिली राज्य टीईटी १५ डिसेंबर २०१३ रोजी घेतली. प्रत्येक पेपर १५० गुणांचा असून पहिला पेपर पहिली ते पाचवीसाठी, तर दुसरा सहावी ते आठवीसाठी असतो. उत्तीर्ण होण्यासाठी खुल्या प्रवर्गाला ६० टक्के गुण आवश्यक असतात. प्रमाणपत्राची सात वर्षांची मुदत २०२१ मध्ये रद्द होऊन ते आजीवन वैध करण्यात आले. नियुक्तीसाठी २०० गुणांची शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी वेगळी द्यावी लागते आणि तिच्या गुणांवर ‘पवित्र’ या संगणकीय प्रणालीतून निवड होते.

बी.एड.धारकांना पहिली ते पाचवीसाठी पात्र ठरवणारी २०१८ ची अधिसूचना टिकली नाही. ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवणारा राजस्थान उच्च न्यायालयाचा निर्णय कायम ठेवला. प्राथमिक वर्गांसाठी डी.एल.एड. ही पदविका आवश्यक राहिली. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने सेवेची पाच वर्षांपेक्षा अधिक मुदत शिल्लक असलेल्या कार्यरत शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होणे बंधनकारक केले. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे सोपवण्यात आला.

मैंदर्गी परिसरातील संदर्भ

मैंदर्गी हे सोलापूर जिल्ह्यातील अक्कलकोट तालुक्यातले, कर्नाटक सीमेलगतचे नगरपरिषदेचे गाव आहे. अक्कलकोट व दुधनी या तालुक्यातील अन्य नगरपरिषदा होत. या पट्ट्यात मराठीबरोबर कन्नड व उर्दू या भाषाही व्यवहारात आहेत. शिक्षकपदांच्या जाहिराती माध्यमनिहाय निघत असल्याने पदवीइतकेच माध्यमही येथील उमेदवारासाठी महत्त्वाचे ठरते. राज्याची टीईटी मराठी, कन्नड आणि उर्दू या तिन्ही माध्यमांतून देता येते.

जिल्ह्यातील महाविद्यालये पूर्वी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती. २००४ मध्ये सोलापूर विद्यापीठ स्थापन झाले. आता त्याचे नाव पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ असे आहे.

अशा गावातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने वर्षांचा हिशेब पुढीलप्रमाणे होतो. तीन वर्षांच्या पदवीनंतर दोन वर्षांचे बी.एड. केल्यास बारावीनंतर पाच वर्षांत माध्यमिक शिक्षकाची अर्हता मिळते. एकात्मिक मार्गाने पदवीची तीन, पदव्युत्तरची दोन आणि अभ्यासक्रमाची तीन अशी एकूण आठ वर्षे लागतात. एक वर्षाची बचत केवळ पदव्युत्तर पदवी आधीच घेतलेल्या आणि एम.एड.ही करू इच्छिणाऱ्याला होते. त्याने आधी बी.एड. केले, तर दोन वर्षांनी नोकरीसाठी अर्ज करता येतो. एकात्मिक अभ्यासक्रमात त्याला तिसरे वर्षही पूर्ण करावे लागते. पूर्णवेळ उपस्थितीच्या अटीमुळे त्या काळातील राहण्याचा किंवा प्रवासाचा खर्च आणि बुडणारी कमाई हाही निर्णयाचा भाग असतो. पहिली ते पाचवीच्या वर्गांवर शिकवू इच्छिणाऱ्याला हे दोन्ही मार्ग उपयोगाचे नाहीत.

बदलते धोरण

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार २०३० पर्यंत शिक्षकासाठी चार वर्षांची एकात्मिक बी.एड. ही किमान पदवी असावी, असे उद्दिष्ट आहे. ते बारावीनंतरच्या प्रवेशासाठी आहे. पदव्युत्तर पदवीधरांसाठी याच धोरणात एक वर्षाच्या बी.एड.ची तरतूद सुचवलेली आहे. ती पूर्णपणे अमलात आल्यास तीन वर्षांच्या अभ्यासक्रमातील वेळेच्या बचतीचा फायदा उरणार नाही.