आधी कोण आणि आधी काय?

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी मुंबईत पश्चिम रेल्वेच्या उपनगरी गाड्यांत सुमारे ११ मिनिटांत सात स्फोट झाले. माटुंग्यापासून जोगेश्वरी, बोरीवली, मीरा रोडपर्यंत हाहाकार उडाला. १८० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, सातशेहून अधिक जखमी झाली. रुळांशेजारच्या वस्त्यांतील लोकांनी चादरींच्या झोळ्या करून जखमींना उचलले आणि मिळेल त्या वाहनाने भाभा, कूपर, भगवती अशा रुग्णालयांत पोचवले. अशा वेळी कोणाकडे आधी पाहायचे, हे रुग्णालयाच्या दारातच ठरवावे लागते. ते ठरवणाऱ्यांत परिचारिका असते. तिचा निर्णय कशावर आधारलेला असतो?

जो जास्त ओरडतो त्याच्याकडे आपले लक्ष आधी जाते. पण ओरडू शकणाऱ्या माणसाचा श्वसनमार्ग मोकळा आहे आणि मेंदूला रक्त पोचते आहे, हे त्याच्या ओरडण्यावरूनच कळते. निपचित पडलेल्याबद्दल यातले काहीच कळत नाही. म्हणून त्याला आधी पाहायचे. बंद डब्यातील स्फोटाने कानाचे पडदे फाटतात. हाकेला ओ न देणारा जखमी बेशुद्ध नसून बहिरा झालेला असू शकतो. म्हणून केवळ हाक मारून भागत नाही, स्पर्श करून पाहावे लागते.

'आधी कोण' या प्रश्नाला शिस्त लावली ती नेपोलियनच्या सैन्यातील शल्यविशारद दोमिनिक लारे याने. जखमीचा हुद्दा न पाहता जखमेची गंभीरता पाहून उपचार करायचे, हा त्याचा नियम. या पद्धतीला पुढे 'त्रिआज' हे नाव मिळाले. त्या फ्रेंच शब्दाचा अर्थ निवडणे. आपण तांदूळ निवडतो तसे.

'आधी काय' याचे उत्तर मात्र विसाव्या शतकात मिळाले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस पीटर साफर यांनी श्वसनमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण असा क्रम रूढ केला. ऑक्सिजन मिळाला नाही तर मेंदूच्या पेशींची हानी चार ते सहा मिनिटांत सुरू होते. मोडलेले हाड त्यामानाने थांबू शकते. थोडक्यात, जे सर्वांत लवकर जीव घेईल ते सर्वांत आधी.

हा क्रम म्हणजे काही वेदवाक्य नव्हे. तुटलेल्या अवयवातून भळभळणारे रक्त श्वास कोंडण्याहूनही लवकर मारू शकते, हे या शतकातील युद्धांत ध्यानात आले, तेव्हा ब्रिटिश सैन्याच्या डॉक्टरांनी असा रक्तस्राव थांबवण्याला पहिले स्थान दिले. पुरावा बदलला, क्रम बदलला.

अपघाताच्या वेळचे हे तर्कशास्त्र रोजच्या वॉर्डातही लागते. रात्रपाळीतील परिचारिकेसमोर चार रुग्ण आहेत असे समजू. एक पाय मोडल्याने कण्हतो आहे. दुसऱ्याची सलाइनची बाटली संपत आली म्हणून नातेवाईक हाका मारताहेत. तिसऱ्याची इन्सुलिनची वेळ झाली आहे. चौथा शांत आहे, पण झापडलेला आहे आणि मिनिटाला ३२ श्वास घेतो आहे. पहिली धाव चौथ्याकडे! १९९७ मध्ये इंग्लंडमधील काही डॉक्टरांनी नाडी, रक्तदाब, श्वसनाचा वेग, तापमान आणि शुद्ध यांना गुण देऊन बेरीज करण्याची पद्धत मांडली. बेरीज वाढली की डॉक्टरांना बोलवायचे. तेथे २०१२ मध्ये आलेल्या राष्ट्रीय गुणतक्त्यात मिनिटाला २५ किंवा अधिक श्वासांना सर्वाधिक, म्हणजे ३ गुण आहेत.

२०२० मध्ये अंधेरीतील मरोळचे सेव्हन हिल्स रुग्णालय आणि गोरेगाव, मुलुंड येथील तात्पुरती केंद्रे कोविडच्या रुग्णांसाठी वापरली गेली. या आजाराने नवा पेच टाकला. काही रुग्ण गप्पा मारत असत, मात्र त्यांच्या रक्तातील ऑक्सिजन घातक पातळीपर्यंत उतरलेला असे. धाप लागण्याची जाणीव मुख्यतः साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे होते. तो बाहेर पडत राहिला तर ऑक्सिजन घटूनही रुग्णाला फारसा त्रास जाणवत नाही. येथे डोळ्यांना न दिसणारे बोटावरच्या ऑक्सिमीटरने दाखवले. त्यामागील तत्त्व जपानमधील ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडले होते.

क्रम लावल्याने काम कमी होत नाही, हेही लक्षात ठेवायला हवे. एका परिचारिकेवर फार रुग्ण सोपवले, तर यादीतील दुसऱ्या रुग्णालाही उशीर होतो. ती कमतरता कोणताही तक्ता भरून काढू शकत नाही.

वर्गात एक प्रयोग करून पाहावा. विद्यार्थ्यांनी जोड्या कराव्यात आणि एकाने दुसऱ्याचे मिनिटभरातील श्वास मोजावेत. एकदा सांगून, एकदा नाडी पाहत असल्याचा बहाणा करून. दोन्ही आकडे बहुधा जुळणार नाहीत. मोजले जात आहे हे कळताच श्वास बदलतो. रुग्णाचे मनगट धरून मुकाट्याने त्याच्या छातीकडे पाहणारी परिचारिका काय करत असते, हे विद्यार्थ्यांना मग सांगावे लागणार नाही.